एक ऱ्हायली

बाळकुमच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा हमाल अजून जिन्यातच होते. तेवढ्यात समोरच्या दारातून एक काटक म्हातारी आत आली, चहाचं विचारलं आणि माझ्या कपाटाकडे बघून म्हणाली, "हा कपाट हितं नको गो, खिरकीशी घे." मी हो-नाही म्हणायच्या आत तिनं कपाटाला खांदा लावलासुद्धा. ती चांगुणामावशी. मी प्रत्येक किल्लीला खिळा नेमून देणारी बाई. ती गेल्यावर कपाट गुपचूप मागे ढकललं.

तिच्या घरात कुठलीही वस्तू आठवडाभर एका जागी टिकत नसे. सून रंजना ऑफिसातून आली की दारातूनच विचारायची, "आज टीव्ही कुठे?" मावशीचं तरुणपण मिठागरात गेलेलं. जमीन गेली, इमारती उठल्या, फ्लॅट मिळाला, पण हातांचं काम सुटलं. "पानी थांबला का त्याचा मीठ व्हतं," असं म्हणत ती स्टूल उचलून दुसरीकडे ठेवायची.

मग काचबिंदूनं तिची नजर कडेकडून खायला सुरुवात केली. स्वतःच हलवलेल्या स्टुलाला अडखळून ती पडली, मनगट मोडलं. त्या दिवशी रंजनानं नियम केला की यापुढे घरातली एकही वस्तू जागची हलणार नाही. नियम बरोबरच होता, मी तर रंजनाचीच बाजू घेतली. पण मावशी खुर्चीत बसून साडीचा काठ इकडून तिकडे ओढत राहायची, ते मला बघवत नसे.

नातू शिकायला पुण्याला गेला, त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक जुनापुराणा खेळ राहिला होता. माळ्यांवर डॉमिनोच्या पाट्या उभ्या, एक पडली की शेजारचीला पाडणाऱ्या. एक ठेंगणा गडी त्या उचलून हव्या तिथे मांडतो, मग एकच धक्का. सगळ्या पडल्या आणि ठरलेली पाटी अगदी शेवटी पडली, तरच पुढच्या खोलीचं दार उघडतं. मावशी पडद्याला नाक लावून खेळू लागली. "हितं तरी हलवाया देतान," रंजनाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. रंजनाही कमी नव्हती. "खेळा हो. तिथे पडलात तरी हाड मोडत नाही."

शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचली तोवर नजर गेलीच. मग ती मला हाका मारू लागली. डोळे माझे, डोकं तिचं. "वरचे माल्यावं कितीक हान? मधली उचल. पायरीशी नको, जरा मागं." मी धक्का दिला की ती मान तिरकी करून टपटप ऐकायची आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणायची, "एक ऱ्हायली." बघावं, तर कोपऱ्यात एक उभी असायचीच. एकदा वैतागून मी सांगितलं, "पडल्या सगळ्या, उघडलं दार." ती हसली. "मना फसवतेस? दार वाजला नाय."

तिला घाई होती. जेवता जेवता उठायची, मला दुपारची झोपू द्यायची नाही. "आंधाराची सवय लागाच्या आधी दार उघराचाय मना." एकदा खुर्चीची सवय झाली की आपण उठणार नाही, ही तिची भीती होती. ती मला कळायची आणि माझीही झोप उडायची.

एका रविवारी दुपारी शेवटची पाटी पडली आणि दार करकरलं. मावशीनं कान देऊन ऐकलं, "न्ये त्या गड्याला भायेर," म्हणाली आणि स्वतःच उठली. भिंतीला हात न लावता, पलंगाला, स्टुलाला वळसा घालून गॅलरीपर्यंत सरळ चालत गेली. स्वयंपाकघराच्या दारात रंजना श्वास रोखून उभी होती. मावशी वळून म्हणाली, "सगला जागेवं हाय गो. बरा केलास."

त्यानंतर ती रोज घरभर चालायची. फक्त एवढं म्हणत राहिली, "यकदा तेवरा माजा कपाट खिरकीशी घ्या." ते मात्र कुणी घेतलं नाही. थंडीत ती तापाचं निमित्त होऊन गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी गेले, तर रंजना मावशीच्या खोलीत तिच्या कपाटासमोर उभी. मी विचारलं, "न्यायचं खिडकीशी?"

"नेऊया. आता ठेच लागणार कुणाला?" असं म्हणून ती कपाटाला टेकूनच रडली. रडू ओसरल्यावर आम्ही दोघींनी खांदा लावला.