ज्यासाठी कोणी मेलं नाही तो खडा

कारखान्यात त्यांना सगळे वाफकाका म्हणत. हिऱ्याला पैलू पाडून झाले की खडा ओठांशी धरायचा आणि त्यावर तोंडाची वाफ सोडायची, ही त्यांची तीस वर्षांची खोड. काचेवर वाफ रेंगाळते, हिऱ्यावरून डोळ्यांदेखत उडून जाते. हल्ली खरा-खोटा खडा सांगायला यंत्रं होती, पण काकांना त्याशिवाय चैन पडत नसे. पोरंपोरी चिडवायची, "काय काका, स्टेशन आलं वाटतं!"

पहिली वीस वर्षं त्यांनी खाणीतले हिरे घासले. धाकटा भाऊ त्याच खाणीत खणायला गेला. एका दुपारी दरड कोसळली आणि तो आत राहिला, तो राहिलाच. वर्षभराने तिथेच पुन्हा खणणं सुरू झालं. तिथला माल घासायच्या चाकावर आला की काका तो सगळ्यात शेवटी उचलत. यातला कुठला खडा भावाच्या अंगाखालून निघाला असेल, हा विचार त्यांची पाठ सोडत नसे.

म्हणून भट्टीत वाढवलेले हिरे आले तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली, काका मात्र खूश झाले. वाफ दोन्हींवरून सारखीच उडते, मग माणसं कशाला पुरायची? त्यांनी नवा कारखाना धरला. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण भावाच्या मुलीलाही, चिमणीलाही, त्यांनी शेजारच्या चाकावर बसवलं. तिची आई तयार नव्हती. "हिऱ्यांनी नवरा खाल्ला, भावजी. आता पोर नाही देणार."

"अगं, हे हिरे कोणाला खात नाहीत. माझ्या शब्दावर पाठव."

आणि तिने पाठवलं.

नवा मालक प्रत्येक डबीत चिठ्ठी घाली: 'या खड्यासाठी कोणाचाही जीव गेलेला नाही.' नाकाने कांदे सोलावेत ते या माणसाने! खाण नव्हती हे खरं. पण चाकावरून उडणारी बारीक काळी धूळ होतीच, आणि ती ओढून घेणारा पंखा पाच वर्षं बंद होता. काकांना एक जिना चढताना तीनदा बसावं लागे. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून विचारलं, "खाणीत होता का?"

"नाही हो. कारखान्यात. स्वच्छ हिरे घासतो."

डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब राहा, गेलेलं फुप्फुस परत येत नाही. काकांनी हे घरात कोणाला सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांना शेजारच्या चाकावरून खोकला ऐकू आला.

"काही नाही काका, ठसका लागला," चिमणी म्हणाली. चार वर्षं काका बायकोला हेच सांगत होते.

एका सकाळी मालक लग्न ठरलेलं एक जोडपं घेऊन आले. कामगारांना तोंडावरच्या पट्ट्या आधीच काढायला लावल्या होत्या, गिऱ्हाईक बिचकतं म्हणून. "काका, भावाची गोष्ट सांगा यांना. आणि ती वाफ दाखवा."

काकांनी खडा ओठांशी नेला. छाती भरेचना. खडा कोरडाच राहिला. मालक घाईने म्हणाले, "चिमणे, तू दाखव." ती वाकली, अर्धा श्वास सोडला आणि खोकल्याने दुमडली.

नवरीने चिठ्ठी वाचून विचारलं, "खरंच ना हो, यासाठी कोणी मेलं नाही?"

"माझा भाऊ खाणीत एका झटक्यात गेला," काका म्हणाले. "इथे जरा वेळ लागतो."

मालक मोठ्याने हसले. "आमचे काका म्हणजे एक नंबरचे विनोदी!" मग जोडपंही सुटल्यासारखं हसलं, आणि खडा घेऊन गेलं.

काका चिमणीच्या चाकाशी आले. "ऊठ. माझं चुकलं, पोरी. तुझ्या आईला शब्द दिला मी, आणि आगीतून काढून फुफाट्यात आणलं तुला. चल घरी."

ती उठली नाही. तिने पुढचा खडा उचलला.

"आणि उद्या कुठे जाऊ, काका? खाणीत?"

काकांनी खिशातला रुमाल काढला, नळाखाली ओला केला आणि तिच्या नाकातोंडावर घट्ट बांधला. मग ते आपल्या जागेवर जाऊन बसले.