टिकलीवरची मुलगी

आमच्या घरात टिकली मुक्कामाला राहायची नाही. टिकली म्हणजे सगळ्यांत लहान नाणं. सरकारनं त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण लोकांनी आकार बघून टिकली म्हटलं आणि तेच चिकटलं. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला एका लहान मुलीचा चेहरा, बाजूनं दिसणारा. आखूड वेणी, वरचा ओठ किंचित पुढे आलेला. भाजीवाल्यानं मोड म्हणून टिकली दिली की सासूबाई ती त्याच फेरीत दुसरीकडे खपवून यायच्या. मी नवी सून, काटकसरीच्या घरातून आलेली. सुटे पैसे साठवायला बरणी ठेवली, तर संध्याकाळी बाकीची नाणी जागच्या जागी आणि टिकल्या तेवढ्या गायब. मला वाटलं, सासूबाईंचा हात सैल आहे. नवऱ्याला विचारलं. तो पायमोजे शोधत होता. शोधता शोधताच म्हणाला, "अगं, ती माझी ताई आहे."

सासरे टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरायचे. डोळ्याला कायम भिंग, म्हणून गल्लीत सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. स्वभाव इतका मऊ की दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं तर हे त्याच्याच तब्येतीची चौकशी करणार. कामात मात्र कडक. आधी ताटाएवढ्या चकतीवर चित्र कोरायचं, मग यंत्र ते लहान करत करत नाण्याएवढं पोलादावर उतरवायचं, आणि शेवटी भिंग लावून नाक-डोळे हातानं साफ करायचे. नव्या नाण्यावर 'एक लहान मूल' हवं असा हुकूम आला, तेव्हा त्यांची मुलगी जाऊन वर्षही झालं नव्हतं. आजारपणात ती महिनोन्महिने खिडकीशी पडून असायची आणि बाहेर निघालेल्या प्रत्येकाला म्हणायची, "मला पण न्या ना." तिचा एकही फोटो नव्हता. बरी झाली की काढू, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

सासऱ्यांनी तिला कोरलं आणि घरी ब्रही काढला नाही. टांकसाळीतून नाणं बाहेर नेता येत नाही, फाटकावर खिसे उलटे करून दाखवावे लागतात. त्यामुळे ज्यांनी तिला घडवलं त्यांनाच तिला घरी आणता आलं नाही. ती आली भाजीवाल्यानं दिलेल्या सुट्या पैशांतून. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, नाणं खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि मुकाट्यानं कणीक मळायला घेतली. जेवायला वाढताना एवढंच म्हणाल्या, "ओठ अगदी तसाच आलाय."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी नाणं जपून ठेवायला एक डबी शोधून काढली. तोवर नाणं दूधवाल्याकडे पोचलेलंही होतं.

"अहो, तिला पुन्हा कोंडून ठेवायची का?" सासूबाई म्हणाल्या. "जाऊ दे बाजारात. जरा हिंडू दे."

सासऱ्यांनी डबी परत जागेवर ठेवली, आणि तो घरचा नियम झाला.

मला आधी हे खूळ वाटलं, खोटं कशाला सांगू. पण घराचं वळण माणसाला लागतंच. पुढे पुढे मीही टिकली हातात आली की तिला कुठे पाठवायचं याचा विचार करू लागले. कधी फुलवालीकडे, कधी बसच्या कंडक्टरकडे. आणि कंडक्टरनंच सुट्यांत टिकली दिली, तर नवरा म्हणायचा, "आल्या ताई, गाव बघून." सासूबाई हसायच्या. गेलेल्या मुलीच्या नावानं असं हसता येणारं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.

मग महागाई वाढली आणि टिकलीला काही मिळेनासं झालं. दुकानदार तिच्याऐवजी गोळी हातावर ठेवू लागले. तिच्यातला धातू तिच्या किमतीपेक्षा महाग झाला; चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसला प्रकार. भंगारवाले पोत्यांनी टिकल्या उचलून त्यांच्या कड्या आणि बिजागऱ्या करू लागले. शेवटी सरकारनंच जाहीर केलं, की महिनाअखेरीला टिकली बंद. उरलेल्या बँकेत भराव्यात, त्या टांकसाळीत वितळवल्या जातील.

सासरे तेव्हा निवृत्त झाले होते. बातमी ऐकून ते खुर्चीत बसले. "त्या भट्टीशेजारी बसून मी रोज डबा खायचो," म्हणाले.

त्या आठवड्यात मी त्या दोघांचं पहिलं खरंखुरं भांडण ऐकलं. सासऱ्यांचं म्हणणं, एक तरी टिकली ठेवू, नाहीतर तिची खूणही उरणार नाही. सासूबाई ऐकेनात. "ठेवणार कुठे? कपाटात? अंधारात?" त्यांचा आवाज चढला की समजावं, रडू दाबलंय. सासरे मात्र हट्टाला पेटले. दुकानामागून दुकान पालथं घातलं. सगळ्यांनी टिकल्या केव्हाच भंगारात दिल्या होत्या. शेवटी चपला शिवणाऱ्याच्या डब्यात, खिळ्यांच्या तळाशी एक सापडली. चोरी केल्यासारखे ती मुठीत धरून ते घरी आले.

सासूबाईंनी हात पुढे केला. "द्या इकडे. उद्या खपवते."

सासऱ्यांनी दिली. आयुष्यभर त्यांनी त्या एका बाबतीत सासूबाईंचं ऐकलं होतं, तेव्हाही ऐकलं. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंबरोबर मी निघाले. भाजीवाला हसला. दूधवाल्यानं हात जोडले. फुलवाली म्हणाली, "फूल तसंच घ्या, पण ते नाणं नको." कंडक्टरनं तर बघितलंही नाही. शेवटी बँकेत गेलो. लोक पिशव्या घेऊन रांगेत उभे, आणि खिडकीमागची क्लार्क पिशव्या सरळ तराजूत टाकत होती, मोजत बसायला वेळ कुणाला? सासूबाईंनी एकुलती एक टिकली पुढे सरकवली.

"आजी, एका टिकलीचे मी काय देऊ? तेवढे सुटेच नाहीत आता," ती म्हणाली. मुलगी भली होती, आवाज चढवला नाही तिनं. "घरी घेऊन जा."

"घेतच नाही कुणी?"

"आता नाही घेणार कुणी."

सासूबाईंनी टिकली उचलून मूठ घट्ट मिटली. "मग घरीच न्यायला हवी," म्हणाल्या. एरवी रस्ता ओलांडताना माझा दंड धरणाऱ्या बाई, त्या दिवशी माझ्या पुढे चालत होत्या. घरी आल्यावर मूठ सासऱ्यांसमोर उघडली आणि म्हणाल्या, "घ्या. हिला आणलंय."

सासऱ्यांनी भिंग लावलं. नाणं उजेडाकडे वळवून वळवून पाहिलं. मी वाकून पाहिलं. हजारो बोटांनी घासून नाणं गुळगुळीत झालं होतं. ओठ गेला होता, डोळा गेला होता, वेणीच्या जागी नुसता उंचवटा. सासरे उठले आणि जुनी पेटी काढून त्यातलं कोरायचं हत्यार घेऊन आले.

"थोडा हात फिरवतो," म्हणाले. "मला पाठ आहे ती."

हत्यार टेकायच्या आत सासूबाईंनी टिकलीवर आपला तळवा ठेवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आज चांगली बाई झाली असती ती. लहानपणीचा चेहरा थोडाच राहिला असता?"

सासऱ्यांनी हत्यार खाली ठेवलं. मग भिंगही काढलं आणि नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत बसले.