कुळारचं नाव

माझ्या धाकट्या जावेएवढी भोचक बाई आमच्या गोव्यात पेडण्यापासून डिचोलीपर्यंत दुसरी सापडायची नाही, आणि हे मी थोरली जाऊ म्हणून जळफळून नव्हे, अभिमानानं सांगते. ती डॉक्टर. खाणीवरचे मजूर, ट्रकवाले, शेतावर राबणाऱ्या बायका यांच्यासाठी एका संस्थेचे दोन दवाखाने आहेत, एक शिरगावात, एक हळर्णात. दोन्ही हिच्या गळ्यात. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा तिनं त्याला हळदकुंकू लावलं, आणि वीज गेली की आजारी पोराच्या उशाशी बसावं तशी त्याच्यापाशी बसून राहायची. नवरा इकडे उपाशी!

दोन्हीकडचे जुने केसपेपर सगळे त्यात चढवून झाले. पेशंट एवढे भरले की संस्थेची माणसं खूष. हिलाच शंका आली, की आपल्या गावांत एवढ्या बायका आहेतच कुठे? मग उलगडा झाला. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. हळर्णाची पोर शिरगावात दिली की नाव, आडनाव, गाव, सगळंच बदललं. कॉम्प्युटरच्या लेखी ती दुसरीच बाई.

झालं! त्या दिवसापासून दिसेल त्या बाईला हिचा एकच प्रश्न, "बाये, कुळारचें नांव कितें तुजें?" कुळार म्हणजे माहेर. दवाखान्यात ठीक आहे हो, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मिरच्या निवडणाऱ्या बाईला? लग्नाला गेलो तर अक्षता टाकून पंगतीला बसायचं सोडून ही तांदळांच्या ताटापाशी मान वाकडी करून नवं नाव वाचत उभी. नवरदेवाच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमची जाव आंगठी पळयता काय गो?" अंगठीवर डोळा आहे का, असंच तिला म्हणायचं होतं. मी कपाळाला हात लावला.

एकदा दुपारी तिचा डबा घेऊन मी शिरगावच्या दवाखान्यात गेले. एक तरुण सून तापानं फणफणलेली, पायाची जखम चिघळलेली, सोबत सासू. कॉम्प्युटरात तिच्या नावावर काहीच नव्हतं. नर्सनं पेनिसिलिनचं इंजेक्शन भरायला घेतलं, एवढ्यात आमच्या डॉक्टरणीचा प्रश्न आलाच. पोर सासूकडे बघू लागली. सासू कडाडली, "तें नांव आमी सोडलां. परत काडलें जाल्यार घराक बरें न्हय!"

"बरें मावशे, तुजोय ताप पळोवया," म्हणत हिनं सासूच्या तोंडात थर्मामीटर सारला. "तोंड उगडूं नाका हां!"

पोरीनं खाली मान घालून सांगितलं, सुलभा, हळर्ण.

ते नाव घातलं आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत ओळ आली. लहानपणी याच इंजेक्शननं तिचा श्वास कोंडला होता, जेमतेम वाचली होती. तिला बिचारीला काय ठाऊक? माहीत होतं ते आईला, आणि आई कधीच गेली. नर्सनं सुई खाली ठेवली. आमची बाई मात्र काही घडलंच नाही अशा थाटात दुसरं औषध लिहीत होती. देवाशपथ सांगते, त्या क्षणी तिला दृष्ट लागेल इतका अभिमान वाटला मला. सासूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि थर्मामीटर तोंडात तसाच. तो काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या दोघी गेल्यावर मी डबा उघडू लागले, तर ही पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "वयनी, तुमची नोंद उरल्या. कुळारचें नांव सांगात."

मी हसण्यावारी न्यायला गेले आणि डब्याचं झाकण पुन्हा लावून टाकलं. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. हळूच सांगितलं. तिनं ते घातलं आणि बरोबर आहे ना म्हणून मोठ्यानं वाचलं.

मी म्हटलं, "परत एकदां वाच गो."