ट्रकपासून बाराशे मीटर

आमची तोफखान्याची रेजिमेंट तेव्हा राजस्थानात होती. मी एमटी हवालदार होतो, म्हणजे गाड्यांचा जिम्मा माझ्याकडे. गाव पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, घरी द्राक्षबाग. फौजेत एकोणीस वर्षं झाली होती.

रेजिमेंटच्या वर्धापनाचं मोठं वर्ष होतं. त्यानिमित्त वाळवंटातून मोटारसायकल मोहीम काढायची ठरली. चार मोटारसायकली, दोन जिप्सी जीपगाड्या, एक पाण्याचा ट्रक, पंधरा माणसं. आठ दिवस. रस्ता नाही, गाव नाही, विहीर नाही. लागेल ते सगळं सोबत न्यायचं आणि रोज नव्या जागी तळ टाकायचा. मोहीम जानेवारीत निघणार होती. निरोपाच्या कार्यक्रमाला मोठ्या साहेबांची तारीख मिळेना, म्हणून ती सरकत सरकत एप्रिलात गेली.

मोहिमेचे प्रमुख कॅप्टन मेनन. वय सत्तावीस, शांत माणूस. चार रायडरांपैकी एक लान्स नायक काशिनाथ भोये. तो सुरगाण्याचा. अख्ख्या रेजिमेंटमध्ये नाशिक जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे आमचं मराठीत चालायचं. लहानपणी तो आईवडिलांबरोबर दर हिवाळ्यात आमच्याकडे द्राक्षबागांच्या कामाला यायचा. एकदा म्हणाला, "हवालदार साहेब, तुमच्या चुलत्यांच्या बागेत मी डिपिंग केलंय. औषधात घड बुडवता बुडवता हात हिरवे व्हायचे." मला तो आठवत नव्हता. बागेत कामाला येणाऱ्यांचे चेहरे आम्ही कधी नीट बघितले नव्हते. हे मी त्याला सांगितलं नाही.

दिनक्रम ठरलेला होता. चारला उठायचं. साडेपाचला निघायचं. टायरमधली हवा निम्म्यावर आणलेली असायची, नाहीतर चाक वाळूत रुततं. साडेदहाला थांबायचं. गाड्या वाऱ्याच्या बाजूला आडव्या लावायच्या, त्यांच्यामध्ये ताडपत्री ताणायची आणि दुपारभर खाली पडून राहायचं. चारनंतर पुन्हा दोन तास चाल. मुक्कामाला रायडरांनी एअर फिल्टर उघडून झटकायचे, मी सगळ्या गाड्यांखाली एकदा जाऊन यायचं. पाणी मोजून मिळायचं. अंघोळ नाही. वाळूनंच ताटं घासायची.

नियम दोन होते. पहिला, एकट्यानं कुठंही जायचं नाही, दोन मोटारसायकली बरोबर जातील. दुसरा, गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. वरून बघणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. हे नियम रोज सकाळी मीच वाचून दाखवायचो.

पाचव्या दिवशी सकाळी तळ टाकल्यावर कॅप्टन साहेबांच्या हाताखालचे सुभेदार साहेब एक जिप्सी आणि दोन मोटारसायकली घेऊन पुढचा रस्ता बघायला गेले. दुसऱ्या जिप्सीचा क्लच त्या सकाळी तळावर पोचता पोचताच जळाला होता. ती तळावर उभी होती. पाण्याचा ट्रक जड, तो आमच्या मागून सावकाश यायचा. त्यात ड्रायव्हर आणि त्याचा सोबती असे दोघं.

११.३५ ला रेडिओवर ट्रक बोलला.

"हाफ शाफ्ट टूट गया. ओव्हर."

"पोझिशन बोलो. ओव्हर."

तो तळापासून नऊ किलोमीटर मागे होता. हाफ शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. तो तुटला की चाक फिरत नाही. राखीव शाफ्ट तळावर जिप्सीत होता. तो ट्रकमध्येच ठेवायला हवा होता. जागा नव्हती म्हणून मी जिप्सीत टाकला होता.

ट्रकवाल्यांकडे पाण्याची भरलेली टाकी होती. तळावर संध्याकाळपर्यंत पुरेल इतकं पाणी होतं. सुभेदार साहेबांची जिप्सी दोनपर्यंत परत येणार होती. म्हणजे घाई कसलीच नव्हती. फक्त संध्याकाळची चाल चुकली असती आणि आठव्या दिवशी ठरलेल्या वेळी पोचलो नसतो. मोहीम संपायच्या ठिकाणी मंडप घातला होता, बँड येणार होता.

तळावर दोन मोटारसायकली होत्या, काशिनाथची आणि गनर तेजपालची. तेजपालला सकाळपासून जुलाब होत होते. तो ताडपत्रीखाली पडून होता.

काशिनाथ म्हणाला, "मी जातो. नऊ किलोमीटर तर आहे."

कॅप्टन साहेबांनी मला विचारलं, "बोरस्ते, अकेला भेजें?"

मी म्हणालो, "साहब, भोये है. हो जाएगा."

या एका वाक्यावर तो गेला. कॅप्टन साहेब वयानं लहान होते, वाळूतला अनुभव माझा होता. मी नाही म्हणालो असतो, तर ते थांबले असते.

शाफ्ट मी स्वतः कॅरिअरला बांधला. वजन पंधरा-सोळा किलो. हँडलला पाण्याची छागल, म्हणजे कॅनव्हासची पिशवी, अडकवली. त्याच्या कमरेला एक बाटली. हँडलवर जीपीएस. रेडिओ फक्त मोठ्या गाड्यांत होते.

"एकच्या आत पोच," मी म्हणालो.

"पोचतो," तो म्हणाला, आणि किक मारली. तेव्हा १२.०५ झाले होते.

१२.२० ला पश्चिमेकडून आकाश पिवळं झालं आणि पाच मिनिटांत आंधी आली. ताडपत्री उडाली. हाताच्या अंतरावरची जिप्सी दिसेना. आम्ही तोंडाला कपडे बांधून चाकांना पाठ लावून बसलो. रेडिओवर नुसती खरखर येत होती. एक वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर ट्रक लागला.

"रायडर पहुँचा क्या? ओव्हर."

"निगेटिव्ह. ओव्हर."

दर दहा मिनिटांनी मी तेच विचारत होतो आणि तो तेच सांगत होता. शेवटी कॅप्टन साहेबांनी माझ्या हातातून सेट घेतला.

अडीचला वारा पडला. सकाळची चाकोरी पूर्ण पुसली गेली होती. २.५० ला सुभेदार साहेबांची जिप्सी आली. तीन वाजता शोध सुरू केला. कॅप्टन साहेब जिप्सीत, मी तेजपालच्या मोटारसायकलवर.

ती किक मारताना माझ्या लक्षात आलं की मला मोटारसायकल येते. बारा वाजताही येत होती. दुसरा रायडर म्हणून मी जाऊ शकलो असतो. तो विचार तेव्हा मनात आलाच नाही. उन्हातून जायचं काम रायडरांचं, हवालदाराचं नाही, इतकं ते डोक्यात पक्कं होतं.

४.०५ ला त्याची गाडी सापडली. वाट सोडून दक्षिणेला, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत, स्टँडवर नीट उभी केलेली. इंजिनात वाळू जाऊन ते जाम झालं होतं. जीपीएसचा पडदा काळा होता. हँडलला छागल होती. अर्धी भरलेली.

कॅरिअरवर शाफ्ट नव्हता.

गाडीच्या आडोशाला वाळू दबलेली होती. आंधी संपेपर्यंत तो तिथं बसला होता. पावलं तिथून निघाली होती, वारा पडल्यानंतरची, स्पष्ट. उजवं पाऊल डाव्यापेक्षा खोल. उजव्या खांद्यावर वजन होतं. ट्रक त्याला जवळ वाटला असावा, आणि दिशा त्यानं बरोबर धरली होती. शाफ्ट आणि छागल दोन्ही नेणं जमलं नसेल. त्यानं लोखंड घेतलं आणि पाणी ठेवलं.

साहेब पावलांकडे बघून म्हणाले, "इसने गाडी क्यों छोड़ी?"

एकच्या आत पोच, असं मी सांगितलं होतं.

पावलं आधी सरळ होती. मग दर शंभर-दीडशे पावलांवर शाफ्ट खाली टेकवल्याची खूण. मग दर पन्नासावर. पुढे पावलं वाकडी व्हायला लागली. ४.५० ला तो दिसला. उताणा पडला होता, शाफ्ट शेजारी, एक हात त्यावर, कमरेची बाटली रिकामी. समोरच्या टेकडीवर चढून बघितलं तर खाली ट्रक उभा होता. मी नंतर अंतर मोजलं. बाराशे मीटर.

श्वास चालू होता. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. आम्ही जिप्सीची सावली केली, शर्ट कापला, छागलीतलं पाणी अंगावर ओतलं, वारा घातला. साहेबांनी हेलिकॉप्टर मागितलं. धुळीमुळे उड्डाण थांबलंय, असं उत्तर आलं. पुन्हा मागितलं. अर्ध्या तासात निघेल, असं सांगितलं.

साडेपाचच्या सुमारास त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

"आणलाय," तो म्हणाला.

"हो. दे इकडं," मी म्हणालो. त्याची बोटं शाफ्टवरून काढावी लागली.

६.१० ला श्वास थांबला. हेलिकॉप्टर ६.४० ला उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरनं आणि मी तो शाफ्ट बसवला. पाऊण तास लागला. ट्रक चालू झाला. मोहीम रद्द झाली होती. त्याच शाफ्टवर ट्रक परत आला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी जे बोललो ते शब्दशः सांगितलं. कॅप्टन साहेबांनी निर्णय आपला होता असं सांगितलं. आम्ही दोघंही खरं बोलत होतो. अहवालात शेवटी हवामान हे कारण लिहिलं गेलं. मला शिक्षा झाली नाही. पुढं मी नायब सुभेदार होऊन रिटायर झालो.

पार्थिवाबरोबर मीच गेलो. ओझरपर्यंत विमानानं, तिथून वणीमार्गे सुरगाणा, पुढं पाड्यापर्यंत जीपनं. रस्त्यात दिंडोरीच्या बागांमधून लोक उठून उभे राहत होते. पाड्यावर कुणीतरी फ्लेक्स लावला होता. त्यावर त्याचा वर्दीतला फोटो आणि वर 'शहीद'. सलामी झाली. गर्दी पांगल्यावर त्याचे वडील, सोमाबाबा, माझ्याजवळ येऊन बसले.

"लढाई व्हती का?"

"नाही बाबा. मोहीम होती. मोटारसायकलींची."

"म्हंजी?"

"वाळवंटातून आठ दिवस जायचं होतं."

"जाऊन काय करायचा?"

"परत यायचं."

त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमाला ती गाडी येत नव्हती का?"

"येत होती."

त्यांनी मान हलवली आणि उठून गेले. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

फ्लेक्स पहिल्या पावसाळ्यात फाटला. सुरगाण्याला शाळेसमोर तालुक्यातल्या जवानांच्या नावांचा दगड आहे. त्यावर काशिनाथचं नाव घ्यावं म्हणून मी अर्ज केला. लढाईत गेलेल्यांचीच नावं घेतात, असं कळवलं. नियम बरोबर आहे. तरी मी आणखी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, खालची सही तेवढी वेगळी होती.

हल्ली नाशिकची मंडळी मोठ्या मोटारसायकली आणि जीपगाड्या घेऊन वाळवंटात तंबू टाकायला जातात. कुणाकडून तरी माझा नंबर मिळतो. मी त्यांना टायरची हवा, पाणी, दोन नियम, सगळं सांगतो. काशिनाथचंही सांगतो. ते ऐकतात. मग एखादा विचारतो, "काका, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो?" परवा एक ग्रुप परत आला, त्यांनी फोटो पाठवले. एका फोटोत एकच मोटारसायकल टेकड्यांमध्ये दूर गेलेली आहे. खाली लिहिलं होतं, सोलो. मी फोन केला नाही.

दर एप्रिलात मी पाड्यावर जातो. सोमाबाबा आता नाहीत. काशिनाथची बायको जनी अंगणवाडीत मदतनीस आहे. ती चहा करते, मी पितो, मुलीच्या शाळेचं विचारतो आणि दुपारच्या जीपनं निघतो. इतक्या वर्षांत तिनं त्या दिवसाचं काही विचारलं नव्हतं. या वर्षी विचारलं. कप घेताना उभ्या उभ्याच.

"दादा, तो पडला तठ सावली व्हती का?"

"नव्हती."

"झाड काहीच नाय?"

"काहीच नाही."

ती म्हणाली, "सासरा मरंपर्यंत म्हनायचा, झाडाखाली बसला असंल तो. उन्हात बसनारा नव्हता." मग कप विसळायला आत गेली. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. जनीला मी काय सांगायला हवं होतं, मला अजून कळलेलं नाही.

लान्स नायक काशिनाथ सोमा भोये. वय एकोणतीस. नऊ वर्षं चार महिने नोकरी. रेजिमेंटच्या चार उत्तम रायडरांपैकी एक. तो पडला त्या जागेला नाव नाही, नकाशावर नुसते आकडे आहेत. ते मला पाठ आहेत. अजून कुणी विचारले नाहीत.