मागणीप्रमाणे खाचा

विळीला धार लावायला मी शिकलगार चाचांच्या दुकानात गेलो होतो. तिथं एक गृहस्थ कोरी करकरीत तलवार घेऊन उभे होते. मिरवणुकीत ते मावळा होणार होते.

"चाचा, ही फार नवी दिसते हो. लढून आल्यासारखी करा. पात्याला चांगल्या पाच-सहा खाचा पाडा."

चाचांनी कानस उचलली. "माझे आजोबा खाचा घासून काढायचे," ते एवढंच म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. अरे, खऱ्या पात्यावरची खाच म्हणजे कुणाच्या तरी मानेवर येणारा घाव तिथं अडलेला असतो! जो जिवानिशी परत आला, तो पुढच्या लढाईआधी ती घासून घ्यायला धावला असेल. ती मिरवायचं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. आणि या माणसाला खाचा हव्यात, त्याही फोटोत उठून दिसणाऱ्या!

खाचा पाडून झाल्या. तलवार खांद्यावर टाकून गृहस्थ ऐटीत बाहेर पडले आणि लगेच रस्ताभर ऐकू जाईल असे ओरडले, "कोणी केलं हे? कोणी केलं?"

त्यांच्या नव्या गाडीच्या दारावर बोटभर ओरखडा उठला होता.