ऊन दाखवलेली चटई

आमच्या नांदेडात मे महिन्यात वस्तूंना ऊन दाखवतात. ऊन ही जणू एखादी प्रेक्षणीय जागा आहे आणि गाद्या, गोधड्या, डाळी, मिरच्या वर्षातून एकदा तिथं सहलीला जातात. मी निवृत्त प्राध्यापक आहे, त्यामुळे ही सहल काढायचं काम माझ्याकडे असतं. मागच्या मे महिन्यात गाद्यांबरोबर मी एक चटईही गच्चीवर पसरली. दुपारी चारला ती गुंडाळायला गेलो, तर पापड मोडावा तसा आवाज आला आणि एका कोपऱ्यातल्या वीतभर पट्ट्या तुटून माझ्या हातात आल्या.

चटई मलेशियातली होती. माझी मुलगी तिथं नोकरी करते. तिचं बाळंतपण अवघड गेलं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन महिन्याभरापूर्वीच झालेलं, त्यामुळे आम्हाला जाता आलं नाही. मुलीच्या घरमालकीण, एक वयस्कर मलय बाई, त्यांनी चाळीस-बेचाळीस दिवस तिचं सगळं केलं. मुलगी त्यांना माकचिक म्हणते. मलय भाषेत मावशी-काकूला तसं म्हणतात. बायको इथून रोज फोनवर विचारायची, "शेक दिला का गं?" आणि रोज कळायचं, की माकचिकनी दगड तापवून, पानात आणि फडक्यात गुंडाळून पोट शेकलं, तेल लावलं, थंड पाण्याला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "ही बाई आपल्यातलीच हाय." हा आमच्याकडचा सर्वोच्च सन्मान आहे. त्याला शाल-नारळ लागत नाही.

त्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत बसून माकचिक ही चटई विणत होत्या. मुलगी पडल्या पडल्या व्हिडिओ पाठवायची, म्हणून मला सगळी कृती पाहायला मिळाली. मेंगकुआंग नावाचं झाड, आपल्या केवड्याच्या कुळातलं. माणसापेक्षा लांब पानं, कडांना आणि मधल्या शिरेला करवतीसारखे काटे. ते काढायचे, पान जाळावरून फिरवून मऊ करायचं, सारख्या रुंदीच्या पट्ट्या चिरायच्या, बांबूच्या तुकड्यानं त्या दाबून ओढायच्या, दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायच्या, मग उन्हात पांढऱ्या होईपर्यंत वाळवायच्या. काही रंगात उकळायच्या. एवढं झाल्यावर विणायला सुरुवात. मी चाळीस वर्षं शिकवलं, पण एकाही तासाची इतकी तयारी केल्याचं आठवत नाही.

बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर मुलगी त्याला घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा चटई बरोबर होती. माकचिकनी एकच मागणं केलं होतं. बाळ बसायला लागलं की त्याला चटईवर बसवून मला दाखवा. बाळ बसायला लागलं. रविवारी फोनवर दाखवायचं ठरलं. त्याआधी आठ दिवस मुलगी सासरी लातूरला गेली, आणि त्या आठ दिवसांत मी चटईला ऊन दाखवलं.

"चटई कशाला नेली वर?" बायकोनं विचारलं.

"तूच म्हणालीस, सगळ्याला ऊन दाखवा."

"तुम्हाला बी सगळ्यात धरलं नव्हतं मी. तुम्ही गेलाच ना?"

हस्तकलेवर बोलणारा एक जुना सहकारी मला माहीत होता. एकदा हस्तकला महोत्सवात आम्ही दोघं व्यासपीठावर होतो. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि भाषणं मिळून अडीच तास झाले. ज्यांची कला होती त्या बायका तेवढा वेळ मंडपाबाहेर टोपल्यांच्या राखणीला बसून होत्या. त्या सहकाऱ्याला तुटक्या कोपऱ्याचा फोटो पाठवला. आग्नेय आशियाच्या सांस्कृतिक वारशावर मोठा मजकूर आला. शेवटी सल्ला होता, की काचेच्या फ्रेममध्ये लावा.

"आन् बाळाला फ्रेमवर बसवा," बायको म्हणाली. तिचं माहेर धर्माबाद. तिथल्या आठवडी बाजारात शिंदीच्या पानांच्या चटया आणि झाडू विकणारी एक बाई तिला लहानपणापासून ठाऊक होती. गुडघ्यामुळे तिला येता येईना. तिच्या सांगण्यावरून मी चटई ओल्या धोतरात गुंडाळून आगगाडीनं धर्माबादला गेलो.

बाई साठीची असेल, तेलुगू वळणाची मराठी बोलणारी. कुणाचा नवरा ते सांगितल्यावर म्हणाली, "मग दाजी हाव की तुम्ही आमचे. बसा." तिनं चटई उलटी केली, नखानं एक पट्टी उचलून पाहिली, कोपऱ्यातून कोपऱ्यात हात फिरवला.

"ह्यात सांधा न्हाई," ती म्हणाली. "आम्ही पट्टे विणताव आन् शिवताव. हिनं येकच विणलं. बसून बसून कंबर गेली आसंल बाईची." मग तुटका कोपरा पाहून विचारलं, "उंदीर का?"

"नाही. मी."

"काय केलं?"

"ऊन दाखवलं."

तिनं शेजारच्या मिरचीवालीकडे पाहिलं. "आमच्या दाजीनं चापा वाळू घातली बग. पापडासंगं." चापा म्हणजे तेलुगूत चटई. दोघी बराच वेळ हसल्या. मग तिनं मला नीट समजावलं. पान विणायच्या आधी वाळवायचं. विणल्यावर त्याला थोडी ओल लागते, हवेतली का होईना. ती ओल गेली की पट्टी मोडते. "तिकडं हवेत पानी आसंल. इकडं मान्साच्या अंगात ऱ्हाईना."

ओल्या गोणपाटाखालून तिनं शिंदीची पानं काढली, नखानं चिरून बारीक पट्ट्या केल्या. पट्टी तुटक्या टोकापाशी न जोडता ती खालून चार घरं मागं नेऊन बसवत होती. मी सुचवलं, की रंग जरा जुळवता आला तर दिसणार नाही.

"दिसू द्या," ती मान वर न करता म्हणाली. "लपवायला गेलं की वीण ढिली पडते." तासाभरात कोपरा झाला. घट्ट होता. मूळ चटई पांढुरकी आणि तांबडी, कोपरा हिरवट. आंधळ्यालाही दिसला असता.

शनिवारी मुलगी परतली. तिनं चटई पाहिली. बाळाला माझ्या मांडीवर दिलं, कोपऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, त्यांना तुम्हीच सांगा. मी फक्त भाषांतर करीन."

आयुष्यात मी अनेक सभांत प्रास्ताविक केलं आहे. त्या रविवारी मात्र मला सुरुवात सापडेना. बाळ चटईवर बसलं, डुललं, बायकोनं सावरलं. फोनमध्ये माकचिक हसत होत्या. मग हसणं थांबलं. त्यांना कोपरा दिसला होता. मी सांगितलं, की माझ्याकडून मोडलं, उन्हात ठेवलं, चूक झाली. मुलीनं तेवढंच छोटं तिकडं सांगितलं.

माकचिकनी काहीतरी विचारलं.

"किती ऊन, म्हणतायत."

"चव्वेचाळीस."

त्यांचा विश्वास बसेना. मुलीनं दोनदा आकडा सांगितला. "त्या विचारतायत, तिथं माणसं कशी राहतात?"

मग त्यांनी फोन कोपऱ्याजवळ न्यायला लावला. उलटी बाजू दाखवायला सांगितली. बायकोनं बाळाला उचललं, मी चटई उलटली. त्या इतक्या जवळून पाहत होत्या, की पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं. मुलगी ऐकत होती आणि तिचा चेहरा सैल होत होता. "म्हणतायत, पट्टी मागं नेऊन बसवली ते चांगलं केलं. हिचा हात घाईचा नाही. कोण आहे? पान कुठलं? आणि एक विचारतायत, हिच्या पानाला काटे असतात का, बोटं चिरतात का?"

ते मला माहीत नव्हतं. सगळी कृती व्हिडिओत पाहूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

हे फोनवर विचारता आलं असतं. मेव्हण्याला सांगितलं असतं तर त्यानं बाजारात जाऊन विचारलं असतं. पण पुढच्या बाजारच्या दिवशी मी परत आगगाडीत बसलो. ज्या बाईनं माझ्या मुलीला शेकलं, तिला मोडलेली वस्तू दाखवताना ज्या बाईमुळे माझी मान पूर्ण खाली गेली नाही, तिच्याकडे एका प्रश्नासाठी जाणं मला जास्त वाटलं नाही.

तिनं प्रश्न ऐकला. हातातली पट्टी खाली ठेवली आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर उताणे धरले. बोटांच्या पेरांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, जुन्या आणि नव्या.

"ह्याचा फोटू काडा," ती म्हणाली, "आन् तिचा मागवा."