कौलांवरची भगवी गुढी

त्या साली शनिवारवाड्यावर टोपीकर इंग्रजांचं निशाण होतं. कार्तिकात खडकीकडून दिवसभर तोफांचे आवाज आले, आणि पुढे थोड्याच दिवसांत श्रीमंत पेशवे फौज घेऊन शहराबाहेर पडले. इकडची स्वारी त्यांच्या घोडदळात. संक्रांतीनंतर काहीच बातमी नव्हती. बुधवार पेठेतल्या घरी मी आणि मामंजी, दोघंच. मामंजींचा डावा पाय जुन्या लढाईत निकामी झाला होता. ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेत.

पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा आमच्या आळीतला एक कारकून ओट्यापाशी येऊन उभा राहिला. तो पूर्वी वाड्यातल्या दफ्तरात होता. आता नव्या साहेबाच्या कचेरीत जाऊ लागला होता.

"काका, यंदा गुढी आत चौकातच उभारा," तो म्हणाला. "तुमचं कौल वाड्यावरून दिसतं. उंच काठी, वर वस्त्र. उगाच गैरसमज नको."

"हुकूम आहे?" मामंजींनी विचारलं.

"हुकूम असा नाही. पण आळीतल्या सगळ्यांनी मान्य केलंय. आणि ती गोष्टही यंदा राहू द्या."

ती गोष्ट म्हणजे कुंभाराच्या पोराची. त्याने मातीचे घोडेस्वार केले, त्यांच्यात जीव घातला, आणि परमुलखातून आलेल्या राजांना हुसकून लावलं. त्या विजयाच्या गुढ्या आपण अजून उभारतो, असं मामंजी दर पाडव्याला आळीला सांगत.

"बरं," मामंजी म्हणाले. "मग कडुलिंब खायचा का, तेही विचारून या."

कारकून गेला. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते. मामंजी बोलले तिखट, पण चेहरा उतरला होता. गुढी उभारायची घरच्या पुरुषानं. मुलगा परागंदा, स्वतःला जिना चढवत नव्हता. थोड्या वेळाने ते मला म्हणाले, "सूनबाई, चौकात उभारू. तू कशाला त्रासात पडतेस."

पण रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते मला मान्य होईना. वाड्यावरचं आपलं निशाण उतरवलं ते उतरवलं. माझ्या घरावर काय चढायचं, हेही त्यांना विचारायचं?

पाडव्याला पहाटे न्हाऊन मी पेटी उघडली. गुढीला दर वर्षी माझी हिरवी पैठणी नेसवत. ती वरच होती. मी ती बाजूला सारली आणि तळाचा इकडचा भगवा शेला काढला. कळकाच्या काठीला तो बांधला, कडुलिंबाची डहाळी, गाठी, झेंडूची माळ, आणि वर तांब्याचा गडू उपडा घातला. मग कासोटा घट्ट खोचला आणि माडीच्या खिडकीतून कौलांवर उतरले.

खाली मामंजींनी वर पाहिलं. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "कडेची कौलं हलतात. वाशावर पाय ठेव."

गुढी उभी राहिली. वारा नव्हता, तरी शेला थोडा हलला. समोरच्या घरातली बाई खिडकीशी आली, बघून लगेच आत गेली. भीती वाटत होती. पण खाली उतरले तेव्हा मला भूक लागली होती, कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी.

उन्हं वर आली तसा कारकून पलटणीतल्या एका शिपायाला घेऊन आला. शिपाई आपल्याच मुलखातला, बोलण्यावरून कोकणातला.

"निशाण कुणाचं?" त्याने विचारलं.

"निशाण नव्हे, पाडवा," मामंजी म्हणाले. "तुमच्या साहेबाच्या पंचांगात नसेल."

"काका, उतरवून घ्या," कारकून हळूच म्हणाला.

"गुढी मावळतीला उतरवतात. तोवर बसा. घाई असेल तर चढा वर. कौलं जुनी आहेत, एवढं सांगतो."

शिपाई वर बघत होता. "चढवली कुणी?"

परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. दाराबाहेर आले. "मी चढवली. उतरवायची ती मीच उतरवीन. दिवस मावळल्यावर."

"भगवीच का?"

"घरच्यांचा शेला आहे. ते नाहीत, म्हणून त्यांचा."

मी आत जाऊन कडुलिंब, गूळ, जिरं, हिंग वाटून केलेली एकेक गोळी आणून दोघांपुढे धरली. कारकुनाने ती मुठीत दाबून ठेवली. शिपायाने तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"आमच्याकडं यात चिंच घालतात," तो म्हणाला. मग कारकुनाकडे वळला. "हुकूम कुणी दिला होता?"

"दिला असा नाही..."

"मग मला कशाला आणलंस?" असं म्हणून तो चालू लागला. कारकून त्याच्या मागे.

मामंजींनी घसा खाकरला आणि ओट्यावरूनच गोष्ट सुरू केली, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. ऐकायला मी एकटीच होते. मातीचे घोडेस्वार उठेपर्यंत शेजारचं दार उघडलं. मग त्याच्या पलीकडचं. जेवणं व्हायच्या आत समोरच्या बाईने नवऱ्याला कौलांवर चढवला होता. ती खालून त्याला काठी सरळ धरायला सांगत होती. दुपारपर्यंत आळीतल्या कुठल्याही घराच्या चौकात गुढी उरली नाही.

मावळतीला मी वर गेले, हळदकुंकू वाहिलं आणि गुढी उतरवली. वाड्यावर टोपीकरांचं निशाण तसंच होतं. त्याला काही झालं नव्हतं, आणि होणार नाही हे मला कळत होतं. मी त्याच्याकडे पाठ करून शेल्याची घडी घातली.

पुढे आषाढात इकडची स्वारी परतली, पायी, घोड्याशिवाय. श्रीमंत टोपीकरांच्या स्वाधीन झाले होते. राज्य संपलं, हे त्यांनी ओट्यावर बसूनच सांगितलं. पुढच्या पाडव्याला त्यांनी कळक उचलला तेव्हा मी तो त्यांच्या हातून घेतला. म्हटलं, "आपण खाली थांबावं. वर मी जाते." ते थांबले.